नव्याने निघालेल्या शुगरसाठी अक्यू-चेक इन्स्टंट: मशीन सोपं, आकडा वाचणं अवघड

शुगर निघाली म्हटलं की पहिल्या आठवड्यात घरात दोन गोष्टी येतात: मेथीदाणे आणि ग्लुकोमीटर. मेथ्या शेजारच्या काकू सांगतात, मशीन केमिस्ट देतो आणि दोन्ही कसे वापरायचे हे धड कोणीच सांगत नाही. मेथ्यांचं राहू दे. रोशचं अक्यू-चेक इन्स्टंट हे मशीन मात्र नवख्या माणसाच्या हातात बिनधास्त द्यावं असं आहे.

कारण साधं आहे. चिप नाही, कोड नाही. स्ट्रिप खोचली की मशीन आपोआप सुरू होतं, ०.६ मायक्रोलिटर रक्त पुरतं आणि चार सेकंदांच्या आत आकडा दिसतो. स्ट्रिपची पुढची पिवळी कड रुंद आहे आणि त्या कडेला कुठेही थेंब टेकवला तरी चालतो, त्यामुळे हात थरथरणाऱ्यांना आणि चष्मा शोधणाऱ्यांना सोयीचं. थेंब फक्त टेकवायचा, स्ट्रिप स्वतःच रक्त ओढून घेते. वरून ठिपका ठेवायला गेलात तर एरर येते आणि स्ट्रिप फुकट जाते. पहिल्या दहा स्ट्रिपांतल्या दोन-तीन अशाच जातात, मनाला लावून घेऊ नये.

सोबतच्या सॉफ्टक्लिक्स पेनला टोचण्याच्या खोलीचे ११ टप्पे आहेत. २ वर सुरू करा. शेतात किंवा कारखान्यात काम करून बोटं राठ झाली असतील तर ३ किंवा ४ लागेल. बोटाच्या मध्यभागी टोचू नका, तिथे दुखतं. कडेला टोचा आणि रोज बोट बदला. त्याआधी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त घोटाळाही इथेच होतो. आंबा चिरलेल्या बोटाने तपासलं तर १३० च्या जागी २३० दिसू शकतं, कारण स्ट्रिपला रक्तातली साखर आणि आंब्यातली साखर वेगळी कळत नाही. सॅनिटायझर हा त्यावरचा उपाय नव्हे, साखर तशीच चिकटून राहते. थेंब येत नाही म्हणून बोट करकचून पिळलं तर रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. हात कोमट पाण्याने धुवा आणि खाली सोडून मिनिटभर झटका, थेंब येतो.

आता अचूकता. लागोपाठ दोनदा तपासलं, १३८ आणि १५१ आले, की ‘मशीन बोगस आहे’ असा निकाल लागतो. घरगुती मशीनसाठीच्या आयएसओ १५१९७ या मानकानुसार १०० च्या वरच्या आकड्यांत १५ टक्क्यांचा फरक मान्य आहे. म्हणजे खरी शुगर १४० असेल तर ११९ ते १६१ मधला कुठलाही आकडा नियमात बसतो. लॅबशी ताडून पाहायचं तर उपाशीपोटी, रक्त देताना त्याच वेळी पाहा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, ती तुलना निरर्थक.

मशीनमधली आम्हाला खटकलेली गोष्ट म्हणजे आकड्याशेजारची रंगीत पट्टी. बाण हिरव्यात आला की बरं वाटतं, हिरव्याबाहेर गेला की घरभर शोककळा. पण पट्टी एकाच टप्प्याशी तुलना करते, उपाशीपोटी आणि जेवणानंतर असा भेद तिला कळत नाही. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे ढोबळ लक्ष्य. वयस्कर किंवा गरोदर व्यक्तीसाठी डॉक्टर वेगळं सांगतील. पट्टीकडे पहिला महिना दुर्लक्षच केलेलं बरं.

सकाळचा आकडा सर्वांत जास्त छळतो. रात्री एक भाकरी आणि पालेभाजी खाल्ली, गोडाला हात लावला नाही, तरी सकाळी १४८! पहाटे शरीर जागं व्हायच्या तयारीत असताना यकृत रक्तात साखर सोडतं, त्याचा हा आकडा. तो पथ्य मोडल्याचा पुरावा नाही. सुनेने किंवा मुलाने ‘काय खाल्लंत काल?’ असं विचारायचं काहीच कारण नाही.

रोज सकाळी एकदाच तपासणं म्हणूनच स्ट्रिपा वाया घालवणं आहे. त्यापेक्षा जोडीने तपासा: जेवायच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी पुन्हा. सोमवारी नाश्ता, मंगळवारी दुपारचं जेवण, बुधवारी रात्रीचं, मग पुन्हा नाश्ता. आठवड्याला १४ स्ट्रिपा, म्हणजे ५० ची डबी साडेतीन आठवडे जाते. वाढ साधारण ५० च्या पुढे गेली तर ताटाकडे बघायचं. समजा पोह्यांआधी १२२ आणि नंतर २०६ आले, तर पुढच्या वेळी पोहे निम्मे करून सोबत वाटीभर मोडाची उसळ घ्या आणि पुन्हा मोजा. वहीत आकड्यापुढे काय आणि किती खाल्लं ते लिहा. मशीन ७२० आकडे लक्षात ठेवतं, पण पोहे किती होते ते त्याला माहीत नसतं. दोन-तीन आठवड्यांत आपल्या घरच्या पाच-सात पदार्थांचा अंदाज येतो. मग इन्सुलिन किंवा शुगर फारच खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या नसतील तर तपासण्या बऱ्याच कमी करता येतात.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर गोष्ट वेगळी. घाम, थरथर, अचानक भूक जाणवली की आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशाने साखर उशिरा चढते.

पाहुणे आले की ‘बघू, माझी किती’ म्हणत सगळे बोटं पुढे करतात. पेन कोणालाही देऊ नका, सुई बदलली तरी नाही. त्यातून ‘बी’ प्रकारची कावीळ (हिपॅटायटिस बी) पसरू शकते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा, नाहीतर कचरा वेचणाऱ्याच्या हाताला लागतात.

खर्च मशीनचा नाही, स्ट्रिपांचा. एक साधारण वीस रुपयांच्या घरात पडते. डबी ४ ते ३० अंशांत ठेवा, फ्रिजमध्ये किंवा गॅसच्या ओट्यावर नको, आणि स्ट्रिप काढली की झाकण लगेच लावा. दुकानात नुसतं ‘अक्यू-चेकच्या स्ट्रिपा’ म्हणू नका. ‘अॅक्टिव्ह’ या अक्यू-चेकच्याच दुसऱ्या मशीनची डबी हातात मिळाली तर ती या मशीनला चालत नाही, आणि सील फोडलेली डबी केमिस्ट परत घेत नाही.