अपोगी की गलाह? एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तारे निवडताना

गायाबद्दल, म्हणजे युरोपच्या त्या अवकाश-दुर्बिणीच्या ताऱ्यांच्या यादीबद्दल, वाद नाही. ताऱ्याची जागा, अंतर आणि निजगती (आकाशात तो किती सरकतो ते) हवी तर २०२२ साली आलेला गायाचा तिसरा संच घ्यायचा, विषय संपला. घासाघीस होते ती वर्णपटावरून. तारा आपल्याकडे येतोय की लांब जातोय, त्याच्यात लोह किती नि मॅग्नेशियम किती, हे कुणाच्या वहीतून उतरवायचं? आमच्या जळगावकडची पोरं दरवर्षी शेवटी दोन नावांपाशी येऊन अडतात: अपोगी आणि गलाह, ताऱ्यांचे वर्णपट घेणारी दोन सर्वेक्षणं. मी दोन्ही संच पोरांकडून वापरून घेतलेत आणि दोन्हींनी काम दिलंय. तरी आता कुणी विचारलं, तर हात आपोआप एकाच बाजूला जातो.

आधी अपोगीचं देणं देऊन टाकतो. वैशाखात इकडे वावटळ उठली की बांधापलीकडचं शेत दिसत नाही. आकाशगंगेच्या पट्ट्यात दृश्य प्रकाशाची तीच गत होते. अपोगी १.५ ते १.७ मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात बघतं, म्हणून धुळीपलीकडचे, अगदी धनु राशीतल्या केंद्राकडचे लाल राक्षसी तारेही त्याला सापडतात. न्यू मेक्सिको आणि चिली अशा दोन्ही गोलार्धांत त्याची एकेक अडीच मीटरची दुर्बीण. पुष्कळ ताऱ्यांकडे ते पुन्हा पुन्हा वळतं, त्यामुळे जोडतारे पकडायला बरं. गलाहकडे यातलं फारसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगची ३.९ मीटरची एकच दुर्बीण, दक्षिणेकडचं आकाश, आणि त्यातही आकाशगंगेच्या मध्यरेषेपासून दहाएक अंश तरी बाजूला. (नाव तिकडच्या गुलाबी काकाकुव्याचं.)

इथवर वाचून तुम्ही अपोगीच घ्याल. मीही घेतलं होतं.

अमळनेरकडचा एक विद्यार्थी होता, हुशार आणि चिवट. अपोगीच्या सतराव्या संचातून त्याने हजारभर तारे एक्सेलमध्ये घेतले आणि एका रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, हाई काय शे?" आकडा होता ८३८८६०८. त्याने ते प्रकाशवर्षांतलं अंतर धरून आलेखही काढून ठेवला होता! तो आकडा म्हणजे दोनाचा तेविसावा घात. तो रकाना मोजमापावर किती भरवसा ठेवायचा याच्या खुणांचा. त्यातली संख्या ही विजेच्या बोर्डावरच्या बटणांची रांग समजा, मोजणी शून्यापासून. तेविसावं बटण चालू असेल तर तारा बाद. सातवं चालू म्हणजे १२८, तो नुसता इशारा. दोन्ही चालू असतील तर ८३८८७३६. मी फळ्यावर द्विमान पद्धत शिकवत बसलो. पोराने घरी जाऊन सोपा उपाय केला, फक्त शून्यवाले तारे ठेवले. त्यात इशारेवाले पण चालण्यासारखे तारेही उडाले, यादी आक्रसली, आणि हे लक्षात येईतो तीन आठवडे गेले होते.

दोष अपोगीचा नाही. पद्धत शहाणी आहे, आणि टॉपकॅट या ताऱ्यांच्या याद्या हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत काम होतं. पण आमच्याकडची बहुतेक पोरं एक्सेलवरून येतात, आणि दर वर्षी ताऱ्यांच्या आधी बटणं शिकवायचा मला कंटाळा आला.

गलाहमध्ये ताऱ्याच्या खुणेचा एक रकाना आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या खुणेचा आपापला. शून्य असेल तर घ्या, नसेल तर सोडा. आतून तीही बटणंच आहेत, पण शून्यच घ्या असं गलाहवालेच सांगतात. २०२४च्या चौथ्या संचात नऊ लाखांवर तारे आहेत, त्यामुळे गाळूनही पोराला पुरून उरतात.

दुसरं कारण निव्वळ जळगावचं आहे. इथे सकाळ सोन्याच्या भावाने उजाडते, त्यामुळे वर्गात कुणीतरी विचारतंच की सोनं आलं कुठून. ताऱ्यातलं सोनं मोजणं अवघड, त्याच्या कामाच्या रेषा अतिनील भागात असतात आणि त्या वातावरणातच अडतात. पण सोनं ज्या वेगवान न्यूट्रॉन-ग्रहणातून (अणूचा गाभा भराभर न्यूट्रॉन गिळतो त्यातून) घडतं, त्यातूनच बहुतेक युरोपियमही घडतं, आणि युरोपियमची एक रेषा गलाहच्या लाल पट्ट्यात पडते. लिथियम आणि बेरियमही गलाहकडेच. जड मूलद्रव्यांत अपोगीकडे धरून चालावं असं जवळपास सिरियम एवढंच. (रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी मात्र नाराज होऊ नये, पोटॅशियम दोघांकडे आहे.) अर्थात ती युरोपियमची रेषा बारीक आहे. शून्याची चाळणी लावल्यावर हातात मुख्यतः राक्षसी तारेच उरतात, हे पोराला आधीच सांगून ठेवा.

विषय आकाशगंगेच्या केंद्राचा असेल तर अपोगीच घ्या, मी भांडणार नाही. सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांची चाल आणि रसायन जुळवायचं असेल, तर मी गलाहची फाइल देतो.

काहीही घेतलंत तरी ज्यावरून याद्या जुळवायच्या तो गायाचा क्रमांक बहुतेकदा एकोणीस अंकी असतो आणि एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. शेवटचे चार गुपचूप शून्य होतात आणि जुळणी भलत्याच ताऱ्याशी होते, नाहीतर होतच नाही. अपोगीने ताऱ्याला दिलेल्या नावात अक्षर असतं, म्हणून ते तेवढं शाबूत राहतं. तेव्हा फाइल थेट उघडू नका, आत घेतानाच तो रकाना टेक्स्ट करून घ्या.