‘प्राचीन’ लाजवर्दाची माळ: आधी वेज बघा
माळ 16 इंची, मणी 6 ते 8 मिमीचे, मधोमध एक लांबट पिंपासारखा. विक्रेत्याचा दावा: अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा लाजवर्द (म्हणजे लॅपिस लाझुली हा निळा दगड), वय चार हजार वर्षं. दगडाबद्दल तक्रार नाही, वयाबद्दल आहे.

अॅसिटोनचा बोळा वेजाच्या (मण्याच्या भोकाच्या) कडेला घासून बघितला, निळा डाग आला नाही. (निळा रंगवलेला हाउलाइट, म्हणजे मुळात पांढरा दगड, इथेच पकडला जातो; मात्र वरून मेण चोळलेलं असेल तर आधी ते पुसावं लागतं.) मणी सुटे करून पाण्यात तोलले तर घनता 2.7च्या वर भरते. तसाच निळा दिसणारा सोडालाइट 2.3च्या आसपासच राहतो. पायराइटचे सोनेरी ठिपके आणि कॅल्साइटच्या पांढऱ्या शिराही अस्सल.

घोडं पेंड खातं ते वेजात. जुने कारागीर गारेच्या बारीक टोच्याने मणी दोन्ही बाजूंनी पोखरत. इराणमधल्या शहर-ए-सोख्ता इथे अशा कामाचे अवशेष सापडलेत. त्यामुळे वेज तोंडाशी रुंद, आत चिंचोळा, आणि दोन्ही बाजू भेटतात तिथे बारीकशी पायरी. या माळेत 10 पटींच्या भिंगाखाली वेज आरपार सरळ नळीसारखा, सगळीकडे 1 मिमी. हे आजच्या हिऱ्याच्या ड्रिलचं काम. दोऱ्याने कड झिजलेली नाही. खाचांतली माती ओल्या ब्रशने निघते. जमिनीत पुरलेला पायराइट तपकिरी गंजतो, इथला नव्या पितळेसारखा लखलखतोय!

जुनेपणाला भाव का, ते उघड आहे. बदख्शानमधल्या कोक्चा खोऱ्यातल्या सर-ए-संगच्या खाणींतला हा दगड इ.स.पू. 2500च्या सुमारास आजच्या इराकमधल्या ऊर शहराच्या राणी पुआबीच्या कबरीत सोनं आणि तांबड्या अकीकासोबत ओवलेला मिळाला. आमू दर्याच्या बाजूला शोर्तुगाईला हडप्पा संस्कृतीच्या लोकांनी वस्ती केली, तीही बहुधा याच व्यापारासाठी. म्हणूनच खऱ्या जुन्या माळेसोबत ती कुठून आली याचे कागद हवेत. भारतात पुरावस्तूंच्या धंद्याला 1972च्या कायद्याने परवाना लागतो. इथे दोन्ही नाहीत.

नव्या मण्यांच्या भावात मिळाली तर जरूर घ्या, निळाई सुरेख आहे. फक्त रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून पुन्हा ओवून घ्या. काठिण्य जेमतेम 5 ते 5.5, मणी एकमेकांवर घासून निस्तेज होतात. आणि चांदीच्या कडीसोबत चिंचेने घासू नका. आम्ल लागलं की कुजक्या अंड्यांचा वास सुटतो आणि चकाकी जाते ती कायमची.