ड्युअल बूट बिघडला तर: बूट ऑर्डर, ग्रबची दुरुस्ती, विंडोजची दुरुस्ती की फॉरमॅट?

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन सिस्टिम, म्हणजे ड्युअल बूट, ठेवलेल्यांवर ही वेळ कधी ना कधी येते. बटण दाबलं की कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा, 'ग्रब' या छोट्या प्रोग्रामचा नेहमीचा मेनू येत नाही. एक तर थेट विंडोज उघडते, नाहीतर काळ्या पडद्यावर इंग्रजीतल्या दोन ओळी आणि लुकलुकणारा कर्सर. दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारावा लागेल." बहुतेक वेळा त्याची अजिबात गरज नसते. दोन्ही सिस्टिम आणि तुमच्या फाइली डिस्कवर जशाच्या तशा असतात. बिघडलेली असते ती त्यांना सुरू करून देणारी काही एमबींची जागा. म्हणून उपाय निवडताना मी एकच कसोटी लावतो: डिस्कवर सगळ्यात कमी लिहिणारा उपाय आधी.

आधी पडदा वाचा

विंडोज ८ च्या काळापासूनच्या बहुतेक मशीनवर यूईएफआय असतं, म्हणजे जुन्या बायोसच्या जागी आलेलं, मशीन सुरू करून देणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर (फर्मवेअर). अशा मशीनच्या डिस्कवर फॅट३२ प्रकारचं एक छोटं पार्टिशन असतं. विंडोजने बनवलेलं असेल तर ते बहुधा १०० एमबीचं. त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर, आणि त्याच्या आत 'मायक्रोसॉफ्ट', 'उबंटू' आणि 'बूट' अशी फोल्डरं. यांतली कोणती फाइल आधी चालवायची, त्याची नोंद मात्र डिस्कवर नसते. ती मदरबोर्डवरच्या मेमरीत असते. म्हणजे बिघाड नोंदीत आहे की फाइलीत, हे आधी ठरवायचं. नोंदीतला असेल तर डिस्कला हात लावायचंही कारण नाही.

थेट विंडोज उघडत असेल तर बहुधा नोंदीचा क्रम बदललाय. विंडोजच्या मोठ्या अपग्रेडनंतर हे बऱ्याचदा होतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यावर ११ वर गेलेल्या अनेकांना उबंटू 'गायब' झाल्यासारखं वाटलं, ते यामुळेच. 'ग्रब' किंवा 'ग्रब रेस्क्यू' असा प्रॉम्प्ट दिसत असेल तर ग्रब चालू झालाय, पण त्याला स्वतःच्या फाइली सापडत नाहीत. मेनू येतो पण त्यात विंडोज नाही, ही तक्रार उबंटू २२.०४ पासून वाढली. त्यातल्या ग्रब २.०६ मध्ये दुसऱ्या सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत तो चालू करून 'अपडेट-ग्रब' चालवलं की विंडोज परत यादीत येते. यासाठी कोणतीही दुरुस्ती करत बसू नका.

काहीही करण्याआधी दोन कामं

पहिलं, बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करणारी विंडोजची सोय) ४८ अंकी रिकव्हरी की हातात घ्या. "मी तर बिटलॉकर लावलंच नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे जास्त काळजीने वाचावं. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं, आणि २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं तर ते बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. मग तुम्ही सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूट प्रोग्राम चालू देणारी सेटिंग) बंद केलं किंवा बूटच्या साखळीत बदल केला की विंडोज निळ्या पडद्यावर की मागते. ती नसेल तर तुमच्या फाइली समोर असून मिळणार नाहीत, आणि तिथे कोणताही कारागीर काही करू शकत नाही. की साधारणपणे मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा झालेली असते. फोनवरून लॉगिन करून कागदावर उतरवून घ्या. फोनमध्ये फोटो ठेवण्यापेक्षा कागद बरा.

दुसरं, डेटाची प्रत. दोन्ही सिस्टिम बंद असतील तरी लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता, उबंटू चालवून बाहेरच्या हार्डडिस्कवर फाइली काढता येतात. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) चालू राहिलेलं असेल तर तिचं पार्टिशन लिनक्समध्ये बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरतं उघडतं. प्रत काढायला तेवढं पुरेसं आहे. जबरदस्तीने लिहिण्यासाठी उघडू नका.

पेनड्राइव्हची तयारी आजच करून ठेवा, हेही सांगतो. उबंटू २४.०४ ची आयएसओ फाइल (त्यावर लिहायची इन्स्टॉलरची फाइल) साधारण सहा जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती सबमिशनच्या आदल्या रात्री उतरत नाही.

बूट ऑर्डर की बूट-रिपेअर?

मेनू न येता थेट विंडोज उघडत असेल तर लोक लगेच बूट-रिपेअरकडे (ग्रब आपोआप दुरुस्त करणारा प्रोग्राम) धावतात. मी आधी बूट मेनू उघडायला सांगेन: डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप. विंडोज चालू असेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट केल्यावर 'यूज अ डिव्हाइस' मध्येही तीच यादी दिसते. तिथे 'उबंटू' दिसतंय आणि निवडल्यावर चालतंय, तर सगळं शाबूत आहे. बायोसमध्ये (यूईएफआयच्या सेटिंगलाही लोक हेच म्हणतात) जाऊन त्याला वर चढवा, झालं. उबंटूच्या टर्मिनलवरून 'ईएफआयबूटएमजीआर' नेही हाच क्रम बदलता येतो. डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही.

यादीत उबंटू नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून ते छोटं फॅट३२ पार्टिशन उघडून आत बघा. 'उबंटू' फोल्डर आहे, त्यात 'शिम' (सिक्युअर बूट चालू असताना ग्रबला सुरू करून देणारी) आणि 'ग्रब' या नावांच्या ईएफआय फाइली आहेत, म्हणजे हरवली आहे ती फक्त नोंद. ती 'ईएफआयबूटएमजीआर' ने पुन्हा करता येते, आणि काही बायोसमध्ये तर माउसने फाइल दाखवूनही. फोल्डरच नसेल किंवा रिकामं असेल, तरच ग्रब नव्याने बसवायची वेळ आली असं समजा.

काही लॅपटॉपचं फर्मवेअर मात्र हट्टी असतं. उबंटू कितीही वर ठेवा, पुढच्या वेळी विंडोजच पहिली. अशा वेळी विंडोजमधून 'बीसीडीएडिट' वापरून बूट मॅनेजरचा मार्ग शिमच्या फाइलीकडे वळवतात. हा उपाय चालतो, पण विंडोजच्या अपडेटनंतर तो पुसला जाऊ शकतो.

बूट-रिपेअर की हाताने ग्रब?

खरी तुलना इथे आहे. दोन्हींचा शेवट सारखाच, ग्रब पुन्हा बसतो. फरक आहे तो निर्णय कोण घेतं यात.

बूट-रिपेअर लाइव्ह उबंटूमध्ये पीपीएतून (उबंटूसाठीचं बाहेरचं सॉफ्टवेअर-भांडार) टाकायचं आणि 'रेकमेंडेड रिपेअर' चं बटण दाबायचं. इंटरनेट लागतं. एकच डिस्क, एक विंडोज, एक उबंटू, एन्क्रिप्शन नाही, अशा साध्या मांडणीत ते छान काम करतं, आणि टर्मिनलची सवय नसलेल्याला मी तेच सुचवेन. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अहवाल: कोणत्या पार्टिशनवर काय आहे, कोणत्या फाइली सापडल्या, सगळं एका जागी. काहीही दुरुस्त न करता नुसता अहवाल काढायचीही सोय आहे. तो काढून जाणकाराला दाखवा, मग बटण दाबा. दोन डिस्क, एन्क्रिप्ट केलेलं लिनक्स किंवा दोन-तीन लिनक्स असतील तर मात्र त्याच्या अंदाजावर सोडू नका.

हाताने करायचं तर लाइव्ह सिस्टिममधून उबंटूचं पार्टिशन माउंट करायचं, त्याच्या 'बूट' मधल्या 'ईएफआय' जागी ते फॅट३२ पार्टिशन जोडायचं, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही सिस्टिमची फोल्डरं बांधायची, मग 'सीएचरूट' करून (डिस्कवरच्या उबंटूत शिरून) 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब'. कमांड मोजक्याच, पण प्रत्येक पायरीला तुम्हाला माहीत असतं की काय कुठे लिहिलं जातंय. बहुतेकांचं गणित चुकतं ते दुसऱ्या पायरीवर: फॅट३२ पार्टिशन जोडायचं राहून जातं आणि ग्रब भलतीकडे बसतो किंवा एरर देतो. फेडोरावाल्यांनी ही कृती जशीच्या तशी वापरू नये. तिथे यूईएफआय मशीनवर ग्रब-इन्स्टॉल चालवायचं नसतं. शिम आणि ग्रबची पॅकेजं पुन्हा इन्स्टॉल करायची असतात.

दोन्ही रस्त्यांना एक अट समान आहे: पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच बूट झालेला हवा. जुन्या लेगसी (बायोस) मोडमध्ये बूट करून ग्रब बसवायला गेलात तर चुकीच्या प्रकारचा ग्रब बसतो आणि गुंता वाढतो. 'सिस' मधल्या 'फर्मवेअर' मध्ये 'ईएफआय' फोल्डर दिसलं की समजा मोड बरोबर आहे.

ग्रब रेस्क्यू दिसला म्हणजे सगळं गेलं असं नाही

नेहमी दिसणारं प्रकरण सांगतो. इंजिनीअरिंगच्या मुलाला जागा कमी पडते, तो विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उबंटूचं पार्टिशन डिलीट करतो. रीस्टार्ट केल्यावर 'नो सच पार्टिशन', खाली ग्रबचा प्रॉम्प्ट, आणि घरचे म्हणतात लॅपटॉप मेला. प्रत्यक्षात ग्रबची छोटी फाइल अजून जागेवर आहे आणि डिलीट झालेलं पार्टिशन शोधते आहे. बूट मेनूमधून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडला की विंडोज उघडते. तीच नोंद वर ठेवायची. पेनड्राइव्हही लागत नाही. अशा लॅपटॉपला फॉरमॅट मारलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं, कारण वर्षभराची असाइनमेंट आणि फोटो उगाच जातात.

उबंटूचं पार्टिशन शाबूत आहे, फक्त त्याचा क्रमांक बदललाय, असं असेल तर त्याच प्रॉम्प्टवर 'एलएस' टाइप करा. कंसात पार्टिशनांची यादी येते. एकेकात डोकावून 'बूट' मधलं 'ग्रब' फोल्डर कुठे आहे ते शोधा, 'रूट' आणि 'प्रीफिक्स' तिथे वळवा, मग 'इन्समॉड नॉर्मल' आणि 'नॉर्मल'. मेनू उभा राहतो. ही सोय त्या एका वेळेपुरती. उबंटूत शिरल्यावर ग्रब पुन्हा बसवावाच लागतो.

विंडोजच्या बाजूने: बूटरेक की बीसीडीबूट?

मेनूतून विंडोज निवडूनही ती उठत नसेल तरच या बाजूला वळा. नेटवर सगळीकडे 'बूटरेक फिक्सएमबीआर' लिहिलेलं सापडेल. तो सल्ला जुन्या बायोस मशीनचा. तिथे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइटांत बूट कोड असतो आणि ही कमांड तिथला ग्रब पुसून विंडोजचा कोड लिहिते. उबंटू कायमचं काढून टाकायचं असेल तर जुन्या मशीनवर हेच हवं. यूईएफआय मशीनवर तिचा काही उपयोग नाही, आणि 'फिक्सबूट' बऱ्याचदा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणून परत पाठवते. तिथे 'डिस्कपार्ट' ने फॅट३२ पार्टिशनला अक्षर द्यायचं आणि 'बीसीडीबूट' ने विंडोजच्या बूट फाइली नव्याने लिहायच्या. 'उबंटू' फोल्डर जागेवर राहतं. फार तर विंडोजची नोंद पहिली येते, आणि ती खाली कशी न्यायची ते वर आलंच आहे.

निळ्या पडद्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल तर आणखी एक शक्यता तपासा. बायोस रीसेट झालं किंवा मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल उतरला की स्टोरेजचा मोड इंटेल आरएसटीवरून एएचसीआयवर किंवा उलट गेलेला असू शकतो. तो पूर्ववत केला की विंडोज उठते, आणि कोणतीही कमांड द्यावी लागत नाही.

ऑगस्ट २०२४ चा घोटाळा

त्या महिन्यात विंडोजच्या सुरक्षा अपडेटने सिक्युअर बूटच्या यादीत बदल केला. अपडेट ड्युअल बूटच्या मशीन वगळेल असं ठरलं होतं, पण अनेक मशीन ओळखल्याच गेल्या नाहीत. लिनक्स सुरू करताना 'एसबॅट' (जुने, असुरक्षित बूटलोडर अडवणारी यादी) आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश येऊन मशीन बंद होऊ लागलं. हा संदेश आजही दिसला तर ग्रब पुन्हा पुन्हा बसवण्यात वेळ घालवू नका. बिटलॉकरची की जवळ ठेवून सिक्युअर बूट बंद करा, उबंटूत जाऊन 'मॉकयूटिल' ने एसबॅट पॉलिसी डिलीट करा, उबंटू पूर्ण अपडेट करा, आणि सिक्युअर बूट परत चालू करा. जुना लाइव्ह पेनड्राइव्हही हाच संदेश देऊन अडू शकतो; नवी आयएसओ घ्या.

फॉरमॅट कधी, आणि पुन्हा ड्युअल बूट करायचा का?

डिस्क स्वतःच मरायला लागली असेल, म्हणजे स्मार्ट चाचणीत बॅड सेक्टर वाढत असतील, तर वरचं काहीच करू नका. डेटा काढा आणि डिस्क बदला. एरवी फॉरमॅट शेवटी, आणि तोही तुमची प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिल्यानंतर.

नव्याने मांडायची वेळ आलीच तर लिनक्स कशासाठी हवं ते आधी ठरवा. कॉलेजच्या सी प्रोग्रामसाठी, पायथनसाठी, कमांड शिकण्यासाठी विंडोजमधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारी सोय) पुरतं, आणि त्यात बूटची भानगडच नाही. रॅम १६ जीबी असेल तर व्हर्च्युअल मशीनही आरामात चालतं. ग्राफिक कार्डाचा पूर्ण जोर हवा असेल किंवा रोजचं काम लिनक्सवरच असेल, तर ड्युअल बूट ठेवाच, पण एका डिस्कचे दोन भाग करण्यापेक्षा दुसरी एसएसडी घाला. दोन्हींचं बूट पार्टिशन वेगळं राहिलं की विंडोजची डिस्क बदलली तरी उबंटू उठतं. फक्त उबंटू टाकताना विंडोजची डिस्क काढून ठेवा किंवा बायोसमधून बंद करा. इन्स्टॉलरला दुसरी डिस्क दाखवली तरी त्याने बूटलोडर पहिल्या डिस्कच्या फॅट३२ पार्टिशनवरच टाकल्याचे प्रकार झालेले आहेत. इन्स्टॉल झाल्यावर दोन्ही डिस्क जोडण्याआधी एकट्या नव्या डिस्कवर मशीन एकदा चालू करून बघा.