मोरसला गेलेल्या माणसाचा खोटा कागद

माझ्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ घरात भांडून मुंबईला गेले आणि तिथून गिरमिट, म्हणजे ठरावीक वर्षांच्या मजुरीचा करार, करून मोरसला, म्हणजे मॉरिशसला, उसाच्या मळ्यावर. त्या बेटावरची साखर आपल्याकडे यायची, म्हणून साखरेलाच मोरस म्हणत. माझी आत्या अजून म्हणते. ते परत आले नाहीत. गावी आचऱ्याच्या घरी म्हाळाला, म्हणजे पितृपक्षात, त्यांच्या नावाची वाडी, म्हणजे नैवेद्याचं पान, मात्र दरवर्षी दाखवतात.

आत्या आता नव्वदीकडे झुकली आहे. तिच्या डोळ्यांदेखत त्यांचा काही ठावठिकाणा लागावा, या ओढीने मी शोध सुरू केला. तेवढ्यात कोकणातल्या घराण्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने स्वतःहून मेसेज केला. मॉरिशसला नेहमी जाणं-येणं असतं, तिथल्या जुन्या रजिस्टरांपर्यंत आपली पोच आहे, असं त्याचं म्हणणं. बोलणं गोड, मालवणीही येत होती. घरातली सगळी हकिगत त्याने बारकाईने विचारून घेतली. मला ती आपुलकी वाटली. आज कळतं, खोटा कागद तयार करायला लागणारा सगळा मजकूर मीच त्याला पुरवत होतो.

शोधाचे म्हणून आधी ८,५०० रुपये घेतले. मग ‘नाव सापडलं, पण सही-शिक्क्याच्या प्रतीचे १२,००० लागतील’. मग ‘फोटोपण आहे’ म्हणून आणखी १५,०००. फोटो म्हटल्यावर मी मागचापुढचा विचार केला नाही.

कागद आला. पिवळट, शिक्का मारलेला, त्यावर आमच्या आडनावासकट नाव, जिल्हा सिंधुदुर्ग, जहाजातून उतरल्याचं साल १८४०. सोबत डोक्याला मुंडासं बांधलेल्या एका तरुणाचा फोटो. आत्याने तो हातात घेतला, पदराने पुसला, आणि देव्हाऱ्याशेजारी ठेवून फूल वाहिलं. “नाक आमच्याच घरातला,” म्हणाली. त्या वर्षीच्या म्हाळाला पहिली वाडी त्या फोटोसमोर ठेवली.

मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकवणाऱ्या एका बाईंशी पुढे ओळख झाली. त्यांना मी अभिमानाने तो कागद पाठवला. त्यांनी फोनच केला. म्हणाल्या, “सर, ह्यात एकही गोष्ट खरी नाही.”

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात. मी शिक्षक, हे माझ्या डोळ्यांसमोर असून दिसलं नाही, याची मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली आहे. १८४० साली तर हिंदुस्थानातून मॉरिशसला मजूर नेण्यावर सरकारची बंदी होती, ती १८४२ मध्ये उठली. आणि मजुरांचे फोटो काढायला तिथे सुरुवात झाली ती १८६० नंतरच्या दशकात. १८४० मध्ये उतरलेल्या माणसाचा ऐन तारुण्यातला फोटो असेलच कसा?

पण बाईंनी सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आडनावाची होती, आणि ती शोध घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी. कारकून उतरणाऱ्याचं नाव आणि बापाचं नाव कानाला लागेल तसं लिहून घेत. आपली घराण्याची आडनावं त्यात बहुधा आलीच नाहीत. तिथल्या कितीतरी मराठी कुटुंबांत मूळ पुरुषाचं नावच आज आडनाव झालं आहे. म्हणून ‘तुमच्या आडनावाची नोंद मिळाली’ असं कुणी चुटकीसरशी सांगितलं की तिथेच थांबा. प्रत्येक मजुराला एक नंबर दिलेला असे. तो नंबर, जहाजाचं नाव आणि रजिस्टरच्या अख्ख्या पानाचा फोटो मागा. मी नंबर मागितला तेव्हा त्याने ‘गोपनीय असतो’ म्हटलं, आणि मी गप्प बसलो. ही रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेली आहेत. मधला माणूस धरण्याआधी थेट तिथे लिहा.

सध्या असे लोक वाढणार, असं मला वाटतं. २०२४ मध्ये भारताने मॉरिशसच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डाची, वाट मोकळी केली. त्यासाठी मूळ पुरुषाचे कागद शोधणारे तिकडेही आहेत आणि गाव शोधत इकडे येणारेही.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फार उशिरा नोंदवली, पैसे मिळालेले नाहीत. पैसे गेल्याच्या तासाभरात फोन करा, म्हणजे ते पुढे सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते. पण पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीचा संताप आहे. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरून जी माणसं महिना पाच रुपयांवर राबली, एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी ज्यांची कापली जायची, त्यांच्याच नावावर आज कुणी पैसे खातं. तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या मायेला हात घालून.

आत्याला सांगायला मला तीन आठवडे लागले. तिने ऐकून घेतलं. फोटो उचलला नाही, त्याच्यावरचं कालचं सुकलेलं फूल तेवढं काढलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “मगे हो कोण रे?”

मला सांगता आलं नाही.