तेमुजीनची गोष्ट आधी कुणाकडून ऐकावी?

तेमुजीन हे चंगीझ खानाचं मूळ नाव. त्याचा उदय मुळातून वाचायचा ठरवलं की दोन ग्रंथ समोर येतात. एक मंगोलांच्या घरातला, ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’. दुसरा इराणच्या इल्खानी दरबारातला वजीर रशीदुद्दीन याचा, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा ‘जामी-उत-तवारीख’. दोन्ही मी इंग्रजी अनुवादांतून वाचले, आणि चुकीच्या क्रमाने वाचले असं आता वाटतं.

सुरुवात रशीदुद्दीनपासून केली. त्याचं कारणही होतं. केरैत, नैमान, मेर्कित, तातार या टोळ्यांची ओळख तो एकेक करून देतो आणि हकीकत वर्षांच्या क्रमाने लावतो. मंगोल ग्रंथात मात्र नावांचा पूर येतो, आणि १२०१ च्या कोंबड्याच्या वर्षापर्यंत साल असं सापडतच नाही. कर्त्याचं नावही माहीत नाही. बखरी वाचायची सवय असेल तर हे खटकणार नाही, पण घटनाक्रम हवा असणाऱ्याला त्रास होतो.

माझं मन फिरलं ते बोर्तेपाशी. तेमुजीनच्या या तरुण बायकोला मेर्कितांनी पळवलं. रशीदुद्दीनच्या लेखी मेर्कितांनी तिला केरैतांच्या ओंग खानाकडे पाठवलं, त्याने सुनेसारखं सांभाळलं आणि सन्मानाने परत दिलं. वाटेत तिचा मुलगा जोची जन्मला, त्याला कणकेत गुंडाळून आणलं. वाचताना काहीतरी सारवून टाकल्यासारखं वाटत राहिलं. मग मंगोल ग्रंथ उघडला. तिथे पहाटे हल्ला होतो, घोडे नऊच, एकेकावर एकेक जण बसतो, एक घोडा तेमुजीन जोडीला घेतो आणि बोर्तेसाठी घोडाच उरत नाही. म्हातारी दासी तिला गाडीत लपवते, तरी ती सापडते. तिला सोडवायला ओंग खान आणि तेमुजीनचा बालमित्र जमुखा यांच्या फौजा जमवाव्या लागतात. हे पान मी परत परत वाचलं. ज्याच्या वंशजांसाठी लिहायचं, त्याचीच ही नामुष्की इतक्या उघडपणे लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसला.

पुढे हाच फरक पुन्हा भेटला. याच जमुखाशी पुढे झालेल्या दालान बाल्जुतच्या लढाईत रशीदुद्दीनचा तेमुजीन जिंकतो आणि शत्रूंना सत्तर कढयांत उकळतो. मंगोल ग्रंथात तो हरून ओनोन नदीच्या खिंडीत शिरतो; कढया जमुखाच्या. खरं कोणतं, हे सांगायचा माझा अधिकार नाही. रशीदुद्दीनचे धनी चंगीझच्याच वंशातले होते, हेही लक्षात घ्यायला हवं. पण लहानपणी कुत्र्यांना भिणारा, माशावरून बिनसल्यावर सावत्र भावाला बाणाने मारणारा तेमुजीन मला मंगोल ग्रंथातच भेटला.

१२०६ ची ओनोनकाठची कुरुलताई, म्हणजे टोळ्यांची मोठी सभा, दोन्ही ग्रंथ शेजारी-शेजारी ठेवून वाचावी. फौजेची रचना समजून घ्यायची तर रशीदुद्दीनची उजव्या-डाव्या फळीतल्या हजार-हजारांच्या तुकड्यांची यादी मोलाची. मंगोल ग्रंथात अशा हजारांच्या तुकड्यांवर ९५ सरदारांच्या नेमणुका होतात आणि खान एकेकाला जुने उपकार आठवून सांगतो. चोरीला गेलेले आठ घोडे शोधताना दूध काढायचं टाकून सोबत आलेला बोओर्चू तिथे असतो. गळ्यात लाकडी खोडा घेऊन पळालेल्या तेमुजीनला लोकरीच्या गाडीत लपवणारा सोर्खान शिराही असतो; तो मेर्कितांची सेलेंगे नदीकाठची कुरणं मागतो आणि त्याला ती मिळतात. विखुरलेल्या टोळ्या या माणसामागे का आल्या, ते मला इथे कळलं.

तुमची निवड वेगळी असू शकते. टोळ्यांचा नकाशा आधी डोक्यात बसवायचा असेल तर रशीदुद्दीन घ्या, त्यात काही चूक नाही. मला विचाराल तर मंगोल ग्रंथ आधी, आणि नावांत गुंतलात की रशीदुद्दीनचा टोळ्यांचा भाग तेवढा उघडायचा. पहिल्या खेपेला वंशावळीची सुरुवातीची पानं भरभर उलटली तरी चालतील, पण तेमुजीनचा बाप येसुगेई मुलासाठी मुलगी बघायला निघतो तिथून एकही ओळ गाळू नका.