फोनवरचा कॅशबॅक चालू असताना रिचार्ज प्लॅन बदलले, दोन वर्षांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. कॅशबॅक पूर्ण मिळाला, दोन्ही हप्ते, आणि मधे दोन-तीनदा प्लॅन बदलूनसुद्धा मिळाला. पण त्यासाठी प्रत्येक वेळी बदलायच्या आधी नियम नीट वाचावा लागला, आणि पैशाचा हिशोब मांडला तर फायदा जाहिरातीत दिसतो तेवढा नाही, तेही खाली सांगतो.

२०२३ च्या दसऱ्याला आबांना फोन घेतला, कोल्हापूरच्या राजारामपुरीतनं. त्यावर एका मोबाईल कंपनीची ऑफर होती, त्यांचं सिम घाला, २४ महिने सलग रिचार्ज मारा, वर्षानं १,००० आणि दोन वर्षांनी २,००० परत. दुकानातला पोरगा म्हणाला "दादा कुठलाही रिचार्ज मारा, काय होत नाही", आणि हे वाक्य तुम्हाला सगळीकडे ऐकायला मिळेल, पण कागदावर तीन अटी होत्या. रिचार्ज ठराविक रकमेच्या खालचा नको, सिम त्याच फोनमध्ये पाहिजे, आणि एकही दिवस व्हॅलिडिटी संपलेली राहायला नको. तिसरी अट सगळ्यात जास्त लोकांचा कॅशबॅक बुडवते.

कारण ऑफर मोजते महिन्यांत आणि पॅक असतो २८ दिवसांचा. लोक बारा रिचार्ज मारतात आणि वर्ष झालं समजतात, पण बारा पॅकचे होतात ३३६ दिवस. तेरा मारले तरी ३६४. आमच्या केसमध्ये तर २०२४ लीप वर्ष होतं, म्हणजे दोन वर्षांचे ७३१ दिवस, आणि २६ पॅकचे भरतात ७२८, तीन दिवस कमी. त्या तीन दिवसांसाठी सत्ताविसावा रिचार्ज लागतोच, नाहीतर २,००० गेले. हे कुणी दुकानदार सांगत नाही, कस्टमर केअरवालेही विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ट्रायनं, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला भरायचा प्लॅन ठेवायला लावलाय, तारीख लक्षात ठेवायला तो बरा पडतो, पण तो तुमच्या ऑफरच्या यादीत आहे का हे आधी बघा.

आता प्लॅन बदलायचं. खरी गंमत सुरू झाली जून २०२४ च्या शेवटी, तिन्ही खाजगी कंपन्यांनी दरवाढ जाहीर केली, ३ आणि ४ जुलैपासून लागू. गावात नुसता गोंधळ, तालमीतली निम्मी पोरं बीएसएनएलला पोर्ट करायला निघाली, कारण त्यांनी दर वाढवले नव्हते. आबा पण म्हणाले, "आपण पण जाऊया की रं." पण पोर्ट केलं की ऑफर तिथंच संपते. १९०० ला मेसेज टाकून कोड मागवला म्हणून काही होत नाही, कोड चार दिवसांनी आपोआप रद्द होतो, पण पोर्ट पूर्ण झालं तर परत त्याच कंपनीत आलात तरी सलगपणा तुटलेला असतो, शिवाय नव्या नेटवर्कवर ९० दिवस काढल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. तर ते सोडून दिलं आणि दुसरं केलं, दरवाढीच्या आदल्या दिवशी जुन्या दरात ८४ दिवसांचे पॅक पुढं लावून ठेवले. चालू पॅक संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, मधे एक मिनिटाचाही खंड नाही.

पैसे भरायच्या आधी कंपनीला मेल टाकून विचारलं होतं, ८४ दिवसांचा पॅक २८ चे तीन धरणार का आणि आधी भरून ठेवलेला पॅक सलग धरणार का. उत्तर आलं हो, व्हॅलिडिटी सलग असली की झालं. त्या मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि पुढं तोच कामाला आला.

आणि एक गोष्ट घडली ती आमच्याकडच्या लोकांना पटेल. आमचं गाव चिखली, पंचगंगा चढायला लागली की सगळ्यात आधी आमचीच गावं हलवतात. जुलै २०२४ च्या शेवटी नदीनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, आबा आणि आई म्हसरं घेऊन सोनतळीला गेले. दुकानं बंद, कोणाच्या डोक्यात रिचार्ज असतो का अशा वेळी. पण पॅक पुढं लावलेला असल्यामुळं आबांचा फोन चालू राहिला, मी कोल्हापुरातनं रोज बोलत होतो, आणि ऑफरमध्येही खंड पडला नाही. २८-२८ दिवसांवर चाललो असतो तर त्या आठवड्यात काय झालं असतं कोण जाणे. पूरपट्ट्यात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात लांबचाच पॅक लावावा, कॅशबॅक असो नसो.

पहिल्या हप्त्याला मात्र डोकं फिरलं. वर्ष झालं, पैसे नाहीत, ॲपमध्ये नुसतं "पात्रता तपासणी सुरू". कस्टमर केअरला फोन केला तर एक बाई म्हणाल्या तुम्ही जुलैनंतर कित्येक दिवस रिचार्जच केलेला नाही, दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस म्हणाला सगळं बरोबर आहे वाट बघा. मग लक्षात आलं काय झालंय ते. त्यांची सिस्टीम बघत होती पैसे कधी भरले ती तारीख, पॅक कधी सुरू झाला ती नाही. आम्ही दोन पॅकचे पैसे एकाच दिवशी भरलेले, म्हणून त्यांना पुढचे महिने रिकामे दिसत होते. ॲपच्या रिचार्ज हिस्ट्रीत एकेका पॅकवर बोट दाबलं की खाली बारीक अक्षरात सुरू आणि संपल्याची तारीख येते, ती सगळी पानं काढली, एका पीडीएफमध्ये लावली, सोबत तो जुना मेल, आणि १९८ ला, म्हणजे कंपनीच्या तक्रारीच्या नंबरला, रीतसर तक्रार नोंदवली. तिथं तक्रार घेतली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मेसेजनं येतो, तो घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. नुसतं कस्टमर केअरशी भांडून उपयोग नसतो, नोंद झाली तरच पुढं त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडं जाता येतं, त्याला फी नसते. ट्राय स्वतः एकेकाची तक्रार सोडवत नाही, बरेच जण तिकडं मेल टाकत बसतात. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, तिथंपर्यंत जावं लागलं नाही, डॉकेट नंबर आल्यावर थोड्या दिवसांत हजार रुपये खात्यात आले.

त्यानंतर जानेवारी २०२५ ला अजून एक पेच. ट्रायच्या नव्या नियमामुळं फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक आले, डेटा नको असणाऱ्यांसाठी, ३६५ दिवसांपर्यंतची व्हॅलिडिटी चालते त्यात. शेजारपाजारचे सगळे म्हातारे त्यावर गेले. आबांना पण टाकावं वाटलं, रक्कम तर किमान अटीच्या वर बसत होती. पण ऑफरच्या कागदावर शब्द होता "अनलिमिटेड डेटा पॅक", तोंडी एकानं हो म्हटलं एकानं नाही, मेलला उत्तर काही आलं नाही. लेखी नाही तर बदलायचं नाही, म्हणून थांबलो. माझ्या मते हाच एक नियम पाळावा, लेखी हो आलं तर बदला आणि तेही चालू पॅक संपायच्या आधी नवीन पुढं लावून. डेटा संपला म्हणून मारलेला छोटा टॉपअप व्हॅलिडिटी वाढवत नाही, तो यात धरूच नका.

आता पैशाचं बोलू. ऑफरसाठी लागणारा पॅक आणि आबांना नुसत्या कॉलसाठी पुरला असता तो पॅक, यात दर २८ दिवसाला शंभराच्या आसपास फरक होता. सत्तावीस रिचार्ज धरले तर २,७०० जास्तीचे गेले, आले ३,०००. उरले तीनशे! आणि हे फक्त आमच्या ऑफरचं नाही. एअरटेलनं ऑक्टोबर २०२१ मध्ये ६,००० च्या कॅशबॅकची ऑफर काढली होती, ३६ महिने २४९ किंवा वरचा रिचार्ज, १८ महिन्यांनी २,००० आणि शेवटी ४,०००. ती चांगली मोठी रक्कम होती, पण २६ नोव्हेंबर २०२१ पासून दर वाढले आणि २४९ चा पॅक २९९ झाला. ३६ महिन्यांत २८ दिवसांचे ३९ पॅक बसतात, गुणिले ५०, म्हणजे १,९५० नुसती वाढ. कॅशबॅकची रक्कम ठरलेली असते, रिचार्जचे दर ठरलेले नसतात, दोन-तीन वर्षांची ऑफर घेताना हे धरूनच चालायचं.

तरी आम्हाला परवडली असं मी म्हणेन, कारण आबांनी डेटा खरोखर वापरला. रात्री जेवण झालं की कुस्त्या, खासबाग मैदानातल्या जुन्या, नव्या, कुठल्या कुठल्या, आणि सकाळी गुळाचे दर. ज्यांच्या घरी फोन फक्त उचलायला आणि ठेवायला आहे त्यांनी ही ऑफर घेऊ नये, तीनशे रुपयांसाठी दोन वर्ष एका कंपनीला बांधून राहण्यात अर्थ नाही. ज्यांना तसाही डेटाचा पॅक मारायचाच आहे त्यांना पूर्ण रक्कम फायद्यात पडते.

दुसरा हप्ता २०२५ च्या दसऱ्यानंतर आपोआप आला, तक्रार करावी लागली नाही. शेवटचा पॅक २४ महिने भरल्यावरही चालूच होता. आता ऑफर संपली. आईच्या नंबरला फक्त कॉलचा पॅक टाकलाय, आबांनी मात्र डेटा सोडायला नकार दिलाय, त्यांचा ८४ दिवसांचा चालू ठेवलाय. कुणाचा पहिला हप्ता अडकला असेल तर आधी पॅक सुरू झाल्याच्या तारखा काढा, भरल्याच्या नव्हे, आणि मग १९८ ला लावा.