केळीच्या पिकवणगृहातील वायू नियंत्रक: हिवाळा ते उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जीकडे केळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर असल्याने आमच्या भागात आता गावपातळीवरही पिकवणगृहे उभी राहत आहेत. आमच्याकडील वायू नियंत्रक इथिलीन (फळे पिकवणारा वायू) आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण मोजून इथिलीनचा व्हॉल्व्ह आणि एक्झॉस्ट पंखा चालवतो. यंत्र उत्तम आहे. मात्र कारखान्यातून भरून आलेल्या सेटिंगवर ते विदर्भात चालवू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

इथिलीनचा भाग सोपा आहे. अन्नसुरक्षा नियमांनुसार फळे पिकवण्यासाठी १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) इथिलीन चालते. व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही वायू खोलीत पसरेपर्यंत आकडा थोडा चढतच राहतो, त्यामुळे मर्यादा १०० च्या बरीच खाली ठेवावी. व्हॉल्व्ह उघडा असताना पंखा सुरू होऊ नये यासाठीचे इंटरलॉक आमच्या यंत्रात बंद स्थितीत आले होते. ते सुरू केले नाही, तर सोडलेला वायू सरळ बाहेर जातो.

खरा विचार करावा लागतो तो कार्बन डायऑक्साइडचा. केळी पिकू लागली की तिचे श्वसन वाढते, आणि खोलीतील प्रमाण १ टक्क्याच्या वर गेले की इथिलीनचा परिणाम मंदावून घड एकसारखे रंगत नाहीत. मूळ सेटिंगमध्ये पंखा ०.५ टक्क्यांवर सुरू होऊन ०.४५ वर बंद होत असे, म्हणजे कॉन्टॅक्टर (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सारखा खटखटत राही आणि मे महिन्यात ४५ अंशांची हवा पुन्हा पुन्हा आत येऊन कंप्रेसरवर ताण पडे. आम्ही हा पट्टा ०.८ ते ०.५ असा केला. प्रमाण थोडे जास्त असताना हवा बाहेर काढली की तेवढ्याच हवेबरोबर अधिक कार्बन डायऑक्साइड निघून जातो, म्हणून बाहेरची गरम हवा एकूणच कमी घ्यावी लागते. अर्थात ०.५ टक्के ही माणसांनी आठ तास काम करण्यासाठीची प्रचलित मर्यादा असल्याने, मजुरांना आत पाठवण्यापूर्वी दार उघडून पंखा हाताने चालवणे आम्ही सक्तीचे केले आहे.

सर्वांत घातक सेटिंग माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत दडलेले आहे आणि बसवणाऱ्या तंत्रज्ञाने त्याचा उल्लेखही केला नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सेन्सरची स्वयंचलित बेसलाइन दुरुस्ती (मोजणीचा पाया आपोआप जुळवून घेणे) गेल्या काही दिवसांतील सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, सुमारे ४०० पीपीएम, असे धरून चालते. शाळेच्या वर्गात किंवा कार्यालयात ते योग्य ठरते, पण जिथे दिवसेंदिवस माल भरलेला असतो अशा खोलीत सेन्सर हळूहळू कमी आकडा दाखवू लागतो आणि पंखा उशिरा सुरू होतो. ही दुरुस्ती बंद करून, खोली रिकामी असताना दार पूर्ण उघडे ठेवून, हाताने कॅलिब्रेशन करावे, म्हणजे सेन्सरचा आकडा ताज्या हवेशी जुळवून घ्यावा.

वीज गेल्यावर मर्यादा यंत्राच्या स्मरणात राहतात, पण टायमर पहिल्यापासून सुरू होतो. नियंत्रकापुरता छोटा यूपीएस घेतला की हा प्रश्न सुटतो. इथिलीनचा सेन्सर इलेक्ट्रोकेमिकल, म्हणजे रासायनिक अभिक्रियेतून वायू मोजणारा, असल्याने स्पिरिटने फरशी पुसली तरी आकडा उसळतो, तेव्हा साफसफाई पाण्यानेच करावी. हा सेन्सर वापराने क्षीण होत जातो, म्हणून त्याची किंमत आणि तो किती दिवसांत मिळेल हे खरेदीपूर्वीच विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.